वाहतुकीच्या सिम्युलेटरांची जोडणी आणि ग्रामीण गतिशीलता : लिंबागणेशच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

रस्त्यावरील वाहने परस्परांशी आणि रस्त्यालगतच्या यंत्रणेशी बिनतारी संदेशांद्वारे संपर्क साधू लागली तर वाहतुकीचे स्वरूप कसे बदलेल, हा प्रश्न गेल्या दोन दशकांत अभियांत्रिकी, संगणकशास्त्र, भूगोल आणि नियोजन अशा अनेक विद्याशाखांच्या सीमेवर येऊन उभा राहिला आहे. या प्रश्नाचे उत्तर प्रत्यक्ष रस्त्यावर शोधणे खर्चाचे आणि धोक्याचेही असते. त्यामुळे संशोधक संगणकीय अनुरूपणाचा, म्हणजे रूढ भाषेत सिम्युलेटरचा, आश्रय घेतात. परंतु वाहनांची हालचाल दाखविणारा सिम्युलेटर संदेशवहन जाणत नाही आणि संदेशवहनाचा सिम्युलेटर रस्ता जाणत नाही. म्हणून या दोघांना, आणि पुढे तिसऱ्या-चौथ्यालाही, एकत्र जोडून चालविण्याची पद्धती विकसित झाली. 'स्मार्ट' आणि 'परस्परसंलग्न' गतिशीलतेविषयीच्या शोधनिबंधांचा मोठा भाग आज या पद्धतीवर उभा आहे.

प्रस्तुत लेखात या जोडणी-पद्धतीची चिकित्सा केली आहे. त्यासाठी बीड तालुक्यातील लिंबागणेश हे गाव संदर्भबिंदू म्हणून घेतले आहे. बालाघाटच्या डोंगररांगांतील हे गणेशक्षेत्र मांजरसुंबा ते पाटोदा या रस्त्यावर आहे. हा रस्ता आता ५४८-डी या राष्ट्रीय महामार्गाचा भाग असून मांजरसुंब्याला तो सोलापूर-धुळे महामार्गास मिळतो. या गावात वाहतूक नियंत्रक सिग्नलांचे जाळे नाही, मेट्रो नाही, स्मार्ट सिटी अभियानाशी त्याचा संबंध आला नाही. मग या विषयाच्या संदर्भात ते का निवडावे, असा प्रश्न साहजिक आहे. एखाद्या प्रतिमानाची गृहीतके ते जेथे घडले तेथे दिसत नाहीत, कारण तेथे ती वस्तुस्थितीशी जुळलेली असतात. ती दिसतात ती दुसऱ्या भूमीवर.

जोडणीचे तंत्र

रस्त्यावरील वाहतुकीच्या सिम्युलेटरांत 'सुमो' हे नाव अग्रक्रमाने घ्यावे लागते. जर्मन एरोस्पेस केंद्राने विकसित केलेली ही मुक्त प्रणाली २००१ मध्ये प्रथम उपलब्ध झाली. तीत प्रत्येक वाहन स्वतंत्रपणे हलते. पुढच्या वाहनापासून किती अंतर राखावे, वेग केव्हा कमी करावा, मार्गिका केव्हा बदलावी, याचे गणिती नियम ठरलेले असतात. वाहनाने पुढच्या वाहनामागे कसे चालावे याचे तिचे मूळ सूत्र श्टेफान क्राउस यांच्या १९९८ च्या प्रबंधातून आले. 'व्हिसिम' या व्यावसायिक प्रणालीची मुळे व्हीडेमान यांच्या १९७४ च्या प्रतिमानात आहेत. दुसऱ्या बाजूला 'ओमनेट++' आणि 'एनएस-३' यांसारख्या प्रणाली संदेशांचे अनुरूपण करतात. संदेश केव्हा निघाला, वाटेत क्षीण झाला का, दुसऱ्या संदेशावर आदळून नष्ट झाला का, हे त्या मोजतात.

या दोहोंना एकत्र चालविण्यातली मुख्य अडचण घड्याळाची आहे. सुमो सामान्यतः एकेका सेकंदाच्या पावलाने पुढे जाते, तर संदेशांचा सिम्युलेटर घटनेकडून घटनेकडे उड्या मारतो आणि त्याच्या घटना सेकंदाच्या लक्षांशात घडतात. एकाने दुसऱ्याच्या पुढे जाऊन भविष्यकाळात पोहोचता कामा नये. म्हणून एक प्रणाली थांबते, दुसरी तेथवर येते, वाहनांची स्थाने व वेग सांगितले जातात, संदेशांचा हिशेब होतो, कोणत्या वाहनाने मार्ग बदलावा वा वेग कमी करावा याचे आदेश परत जातात आणि मग पुढचे पाऊल पडते. या देवाणघेवाणीसाठी सुमोला 'ट्रासी' हा संपर्क-दुवा मिळाला, त्याची मांडणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. ख्रिस्टोफ सोमर, राइनहार्ड गेर्मान आणि फाल्को ड्रेस्लर यांनी २०११ मध्ये मांडलेल्या 'व्हेन्स' या चौकटीने सुमो आणि ओमनेट++ यांची द्विदिश जोडणी रूढ केली.

'द्विदिश' हा शब्द येथे कळीचा आहे. त्यापूर्वी अनेक अभ्यासांत वाहनांच्या हालचाली आधीच नोंदवून ठेवीत आणि ती नोंद संदेशांच्या सिम्युलेटरला पुरवीत. पुढे रस्ता बंद असल्याचा संदेश वाहनाला मिळाला, तरी ते वाहन ठरलेल्या वाटेने त्याच कोंडीत जाऊन अडकत असे. त्याची वाट पूर्वीच लिहिलेली होती. ज्या तंत्राचा सारा हेतू चालकाचे वर्तन बदलणे हा आहे, त्याची परीक्षा न बदलणाऱ्या चालकांवर घेणे ही विसंगती होती. द्विदिश जोडणीने ती दूर केली, ही या पद्धतीची खरी कमाई होय आणि पुढील टीका वाचताना ती विसरता कामा नये. पुढे लष्करी अनुरूपणासाठी घडलेला व २००० मध्ये आयईईई १५१६ म्हणून प्रमाणित झालेला उच्चस्तरीय आराखडा, २०१० चा एफएमआय हा मानक, २०२० मध्ये मुक्त झालेली 'मोझेक' ही फ्राउनहोफर संस्थेची प्रणाली, दृश्यांसाठी 'कार्ला', माणसांच्या दिनक्रमासाठी 'मॅटसिम' असा विस्तार होत गेला. या प्रत्येकाचा तपशील येथे अप्रस्तुत आहे.

एर्लांगेनचा अपघात आणि बालाघाटचा रस्ता

व्हेन्स ही प्रणाली संगणकावर उतरवून घेणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्यास पहिले उदाहरण मिळते ते जर्मनीतील एर्लांगेन या विद्यापीठ-नगराचे. नकाशावर मोटारींची रांग निघते, त्र्याहत्तराव्या सेकंदाला पहिली मोटार पन्नास सेकंदांसाठी थांबते, अपघात झाल्याचा संदेश प्रसारित होतो आणि मागच्या मोटारी तो ऐकून दुसऱ्या रस्त्याने वळतात. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी महाविद्यालयांतही या विषयाची सुरुवात बहुधा याच अपघाताने होते. अधिक मोठ्या अभ्यासांसाठी जे प्रसंगपट सर्वत्र वापरले जातात ते कोलोन, बोलोन्या, लक्झेंबर्ग आणि मोनॅको या नगरांचे आहेत. कष्टपूर्वक घडवून सर्वांसाठी खुले केलेले हे प्रसंगपट म्हणजे या क्षेत्राची सामाईक संपत्तीच आहे. त्यांच्या कर्त्यांना दोष देण्याचे काहीच कारण नाही. ते आपल्या नगराविषयी बोलत होते. ते सर्व जगाविषयी बोलत आहेत असे इतरांनी गृहीत धरले.

एर्लांगेनच्या उदाहरणातील संदेशाला मूल्य कशामुळे येते? दुसरा रस्ता आहे म्हणून. नगराचे रस्ते जाळ्यासारखे विणलेले असतात, एक धागा तुटला तर दुसऱ्याने जाता येते. लिंबागणेशहून मांजरसुंब्याकडे जाणाऱ्या वाहनास पुढे रस्ता अडल्याचे कळले तर ते काय करील? पर्यायी वाट असलीच तर ती गाडीवाटेची, पाणंदीची, पावसाळ्यात बंद होणारी. आणि ती मोटारीच्या नकाशावर नसून स्थानिक चालकाच्या डोक्यात असते. अशा भूरचनेत 'मार्ग बदला' या संदेशाचा उपयोग 'निघू नका' किंवा 'उशिरा निघा' एवढाच उरतो. म्हणजे तो वाहनाला मिळून भागत नाही. वाहनात बसण्यापूर्वी माणसाला मिळाला पाहिजे. संदेश कोणाला मिळावा, हा प्रश्नच येथे बदलतो, आणि वाहन-केंद्री जोडणीत तो विचारण्याची सोय नाही.

दुसरी अडचण वाहनांच्या मिश्रणाची आहे. युरोपीय प्रतिमानांत वाहन एका मार्गिकेत चालते आणि पुढच्या एकाच वाहनाकडे पाहते. भारतीय रस्त्यावर दुचाकी दोन वाहनांच्या फटीतून जाते आणि 'पुढचे वाहन' नेमके कोणते हे सांगणे कठीण होते. भारतीय संशोधकांनी याची दखल घेतली नाही असे नाही. मद्रासच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत थमिळ अरासन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषम वाहतुकीसाठी स्वतंत्र अनुरूपण-पद्धती उभी केली व ती २००५ मध्ये प्रसिद्ध झाली. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत सुमोच्याच पायावर 'सिमट्रॅम' ही प्रणाली घडविली गेली. तीत रस्ता मार्गिकांऐवजी अरुंद पट्ट्यांत विभागला जातो आणि वाहन आपल्या रुंदीप्रमाणे एक वा अनेक पट्ट्या व्यापते. महाराष्ट्रात या विषयावर झालेल्या कामात हे काम मूलगामी म्हणावे लागेल, कारण त्यात परक्या प्रतिमानाचे आकडे बदलण्यावर न थांबता रस्त्याची व्याख्याच बदलली आहे. पुढे सुमोनेही उपमार्गिकांची सोय केली.

तथापि ही सारी दुरुस्ती मुख्यतः शहरी गर्दीची आहे. ग्रामीण महामार्गावर खरा प्रश्न फटीतून जाण्याचा नसून समोरून येणाऱ्या वाहनांच्या बाजूला जाऊन पुढच्या संथ वाहनास ओलांडण्याचा आहे. ऊसतोडणीच्या हंगामात दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर चढावर चालला आहे, मागे एसटी आहे, तिच्या मागे जीप, तिच्या मागे दुचाकी. हे ओलांडणे वेगाच्या सूत्रात बसत नाही. त्यात दृष्टिरेषा, वळण, हॉर्न, पुढच्या चालकाने हात बाहेर काढून दिलेली खूण, रात्री अपर-डिपर करून केलेली विचारणा, हे सारे येते. वाहनांतील संदेशवहन म्हणतात ते या रस्त्यावर बिनतारी यंत्रांच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. फक्त त्याचा सिम्युलेटर कोणी लिहिलेला नाही.

इंडियन रोड्स काँग्रेसने १९९० च्या आपल्या मार्गदर्शिकेत (क्रमांक ६४) ग्रामीण रस्त्यांसाठी प्रत्येक वाहनाचे मोटारीच्या परिमाणात रूपांतर सुचविले. दुचाकी म्हणजे अर्धी मोटार, ट्रॅक्टर-ट्रॉली म्हणजे साडेचार आणि बैलगाडी म्हणजे आठ मोटारी. बैलगाडीला मोटारीहून आठपट मान देणारे शासकीय दस्तऐवज विरळाच! रस्त्याची रुंदी ठरविण्यास हे गुणक उपयोगी आहेत. जोडलेल्या अनुरूपणात मात्र ते निरुपयोगी ठरतात. संदेश साडेचार मोटारींना पाठविता येत नाही. तो एका ट्रॅक्टरला जातो किंवा जात नाही.

संदेश कोणापर्यंत पोहोचतो

आणि ट्रॅक्टरला तो जात नाही. भारतात प्रवासी वाहनांवर स्थाननिश्चितीचे उपकरण आणि आपत्कालीन बटण बसविण्याचा नियम २०१६ च्या अधिसूचनेने आला, त्याचे तांत्रिक मानक एआयएस-१४० या नावाने ओळखले जाते आणि नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना ते १ जानेवारी २०१९ पासून लागू झाले. दुचाकी, तीनचाकी आणि ई-रिक्षा यांना या नियमातून वगळले आहे. शेतीचा ट्रॅक्टर सार्वजनिक प्रवासी वाहनच नव्हे. म्हणजे लिंबागणेशच्या रस्त्यावर दिसणाऱ्या वाहनांपैकी दुचाकी, टमटम, ट्रॅक्टर-ट्रॉली आणि टायरगाडी ही या 'संलग्न' जगाच्या बाहेर राहतात. आत उरतात एसटी, परवानाधारक जीप आणि महामार्गावरून जाणाऱ्या नव्या मोटारी. त्यांतील उपकरणेही नियंत्रण केंद्राशी बोलतात. शेजारच्या वाहनाशी नव्हे.

शोधनिबंधांत किती टक्के वाहने उपकरणयुक्त आहेत हा एक बदलता आकडा म्हणून घेतात आणि तो शून्यापासून शंभरपर्यंत वाढवीत आलेख काढतात. या रीतीत असे अध्याहृत असते की उपकरणयुक्त आणि उपकरणहीन वाहने अन्यथा सारखीच आहेत. कोणाकडे यंत्र आहे हे जणू नाणे उडवून ठरते. प्रत्यक्षात ते ठरते वाहनाच्या किमतीवरून, परवान्यावरून आणि मालकाच्या ऐपतीवरून. सर्वांत संथ, सर्वांत रुंद आणि रात्री सर्वांत कमी दिसणारी वाहने नेमकी तीच असतात ज्यांच्याकडे यंत्र नाही. यदृच्छा वाटप गृहीत धरून काढलेला सुरक्षिततेचा आलेख म्हणूनच ग्रामीण रस्त्यावर फसवा ठरतो. येथे चूक गणितात नसून नमुना-निवडीत आहे, आणि सामाजिक शास्त्रांच्या प्राध्यापकांस ती तात्काळ ओळखू यावी अशी आहे.

संदेशांच्या क्षीणतेचा हिशेबही तपासून पाहण्याजोगा आहे. व्हेन्समध्ये इमारतींचे अडथळे धरण्याची सोय आहे, कारण नगरात अडथळा इमारतीचा असतो. माटे बोबान आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये वाहनेच संदेशांच्या वाटेत अडथळा ठरतात हे दाखवून दिले. उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्यांचा त्यांच्या प्रयोगात समावेश नव्हता, हे सांगायला नको. डोंगराळ वळणावर तर अडथळा स्वतः भूमी असते आणि सपाट नकाशावर चालणाऱ्या प्रसंगपटात उंचीचे मापन बहुधा नसतेच. एका सेकंदाच्या पावलात ताशी साठ किलोमीटर वेगाचे वाहन सुमारे सतरा मीटर पुढे सरकते. सरळ महामार्गावर एवढ्या फरकाने संदेशाचे भवितव्य फारसे बदलत नाही. घाटातील वळणावर सतरा मीटर म्हणजे दिसणे आणि न दिसणे यांतील अंतर होय.

भरली की निघणारी जीप

आतापर्यंतच्या त्रुटी दुरुस्त करता येण्याजोग्या आहेत. उंचीचा नकाशा घालता येईल, ट्रॅक्टरचे वर्तन मोजता येईल, उपकरणांचे वाटप वाहनप्रकारानुसार करता येईल. जोडणी-पद्धतीवरील अधिक गंभीर आक्षेप वेगळा आहे. ही पद्धती ज्या गोष्टींना जोडते त्या जोडण्याजोग्या म्हणून निवडल्या गेल्या, की त्यांचे सिम्युलेटर आधीच उपलब्ध होते म्हणून?

लिंबागणेशसारख्या गावातून तालुक्याला वा जिल्ह्याला जाण्याची साधने मुख्यतः तीन : स्वतःची वा शेजाऱ्याची दुचाकी, एसटी आणि काळीपिवळी जीप. एसटी वेळापत्रकाने निघते. जीप भरली की निघते. हा फरक वरवर किरकोळ वाटतो, परंतु अनुरूपणाच्या दृष्टीने तो मूलभूत आहे. समजा, जीपमध्ये दहा प्रवासी बसतात आणि सरासरी तीन मिनिटांनी एक प्रवासी येतो. पहिल्या प्रवाशास सत्तावीस मिनिटे थांबावे लागते, दहाव्यास मुळीच नाही; सरासरी प्रतीक्षा साडेतेरा मिनिटे. प्रवाशांची संख्या दुप्पट झाली तर ही प्रतीक्षा निम्मी होते. म्हणजे नगरातील रस्त्याच्या नेमके उलट : तेथे माणसे वाढली की प्रत्येकाचा वेळ वाढतो, येथे माणसे वाढली की प्रत्येकाचा वेळ कमी होतो. कोंडी हा ज्यांचा मूळ विषय त्या सिम्युलेटरांना हा अर्थव्यवहार अपरिचित आहे.

आता यात संदेश घालून पाहावा. एसटी वीस मिनिटे उशिरा आहे असे थांब्यावरील सर्वांना भ्रमणध्वनीवर कळले. स्मार्ट गतिशीलतेच्या कोणत्याही व्याख्येनुसार ही सुधारणा होय. परिणामी थांबलेल्यांपैकी काही जीपकडे वळतात, जीप लवकर भरते व लवकर निघते, आणि उशिरा येणाऱ्या एसटीला प्रवासी कमी मिळतात. त्या दिवसापुरते सर्वांचे भले झाले. पण एसटीच्या आगारात प्रत्येक फेरीचे भारमान पाहिले जाते. ज्या फेरीचे भारमान सतत घसरते ती तोट्याची ठरते आणि काही महिन्यांनी बंद होण्याच्या वाटेला लागते. फेरी बंद झाली की प्रवाशांचा तो संपूर्ण भार जीपवर येतो, मात्र ज्या वेळेला प्रवासी थोडे त्या वेळेला जीप भरतच नाही आणि भरली नाही म्हणून निघतही नाही. सकाळच्या गर्दीत लाभ देणारा तोच संदेश सायंकाळचे शेवटचे वाहन हिरावून घेऊ शकतो.

हे सारे घडेलच असे नाही. घडते की नाही हे तपासण्यासाठीच तर अनुरूपण हवे. परंतु त्यासाठी तीन प्रतिमाने जोडावी लागतील : संदेशाचे, जीप भरण्याचे आणि आगाराच्या निर्णयाचे. पहिल्याचे घड्याळ सेकंदांचे, दुसऱ्याचे मिनिटांचे, तिसऱ्याचे महिन्यांचे. विद्यमान जोडणी-तंत्राने सेकंद आणि लक्षांश सेकंद यांचा मेळ मोठ्या कौशल्याने घातला. सेकंद आणि महिना यांचा मेळ घालण्याची गरज त्याला भासली नाही. याचे कारण तांत्रिक अशक्यता नव्हे. आगारव्यवस्थापकाचा निर्णय हा गतिशीलतेचा भाग आहे असे कोणी मानले नाही, एवढेच ते कारण.

एसटीचा अलीकडील इतिहास पाहिला तर या तिसऱ्या घड्याळाचे महत्त्व पटते. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालेला कर्मचाऱ्यांचा संप एप्रिल २०२२ पर्यंत चालला आणि त्या काळात ग्रामीण महाराष्ट्राचे वेळापत्रकच नाहीसे झाले. ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरीपुढील नागरिकांना मोफत प्रवास आणि मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्मे भाडे लागू झाले. एका शासकीय निर्णयाने एसटी आणि जीप यांच्यातील निवड घरातल्या घरात बदलली : पुरुषाने जीपने जावे आणि स्त्रीने एसटीची वाट पाहावी, असा हिशेब भाड्याच्या फरकातून निघू लागला तर नवल नाही. प्रवासी म्हणजे लिंग, वय आणि सवलतपत्र नसलेला एक बिंदू असे धरणाऱ्या प्रतिमानास हा बदल दिसणारच नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये अहिल्यानगर-बीड रेल्वे सुरू झाली. तिने जिल्ह्याच्या प्रवासात काय बदल होतो हे पाहण्यासाठीही रेल्वे, एसटी आणि जीप यांना एकाच पटावर आणावे लागेल.

कोयत्याचे घड्याळ

माणसांच्या दिनक्रमाचे अनुरूपण करणारी मॅटसिम ही प्रणाली या दृष्टीने अधिक आशादायक मानली जाते. तीत प्रत्येक व्यक्तीला दिवसाचा आराखडा असतो : घर, काम, बाजार, घर. प्रत्येक फेरीअखेर त्या आराखड्यास गुण मिळतात आणि व्यक्ती अधिक गुणांचा आराखडा निवडत जाते. २०१६ मध्ये होर्नी, नागेल आणि आक्सहाउझेन यांच्या संपादनाखाली आलेल्या ग्रंथात या पद्धतीचे सविस्तर विवेचन आहे. संदेशवहनाचा सिम्युलेटर तिला जोडला की माहितीमुळे दिनक्रम कसा बदलतो हे पाहता येते.

बीड जिल्ह्याची सर्वांत मोठी हालचाल मात्र दिवसाच्या आराखड्यात मावत नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात आणि हंगाम संपला की उन्हाळ्याच्या तोंडी परततात. या प्रवासाचे एकक व्यक्ती नसते; नवरा-बायकोची जोडी मिळून एक 'कोयता' होतो. निर्णय प्रवासाच्या दिवशी होत नाही. तो काही महिने आधी मुकादमाकडून घेतलेल्या उचलीबरोबरच होऊन जातो. वाहन कोणते, केव्हा निघायचे, कोणत्या कारखान्याच्या फडावर जायचे, हे कामगार ठरवीत नाही. ट्रॉलीत संसार, धान्य, शेळ्या आणि मुले घेऊन रात्रीतून शेकडो किलोमीटर जाणारे हे ताफे महामार्गावरच्या सर्वांत असुरक्षित प्रवासांपैकी आहेत. मॅटसिमच्या भाषेत सांगायचे तर येथे गुण एकाचे आणि आराखडा दुसऱ्याचा असतो. ज्याला थकवा आणि धोका सोसायचा आहे त्याच्या हाती निवड नाही, आणि ज्याच्या हाती निवड आहे तो ट्रॉलीत बसलेला नाही.

यावर असा प्रतिवाद होईल की सिम्युलेटर हे रस्त्याचे साधन आहे, त्याच्याकडून ऊस-अर्थकारणाची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. प्रतिवाद अंशतः मान्य करावा लागेल. एका साधनाने सर्व काही करावे असा आग्रह चुकीचाच. परंतु 'जोडणी' ही कल्पनाच मुळी या प्रतिवादास उत्तर म्हणून जन्मली. एक सिम्युलेटर अपुरा आहे, दुसरा जोडा, हे तिचे ब्रीद. त्यामुळे काय जोडले आणि काय जोडायचे राहिले याचा जाब तिला विचारणे न्याय्य ठरते. हंगामाच्या सुरुवातीस कोणत्या रात्री कोणत्या मार्गावर किती ताफे निघणार हे मुकादम, वाहनमालक आणि कारखाने यांना आधीच ठाऊक असते. एसटीचे आगार, १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा आणि महामार्ग पोलीस यांच्यापर्यंत ही माहिती पोहोचली तर वाहनांत एकही नवे यंत्र न बसविता रस्ता अधिक 'संलग्न' होईल. त्या माहितीचे मूल्य किती, किती तास आधी ती मिळाली तर रुग्णवाहिकेचा किती वेळ वाचतो, हा जोडलेल्या अनुरूपणाचा अस्सल प्रश्न आहे. चढावरच्या ट्रॉल्यांमागे अडकलेल्या रुग्णवाहिकेला हिरवा सिग्नल देण्याचे तंत्र येथे काय कामाचे? सिग्नलच नाही.

पडताळणीचा प्रश्न

जोडलेल्या प्रणालीची पडताळणी हा या क्षेत्रातील सर्वांत कमी चर्चिला गेलेला भाग होय. दोन सिम्युलेटर स्वतंत्रपणे तपासलेले असले म्हणजे त्यांची जोडणीही तपासली गेली, असे सर्रास मानले जाते. ते तर्कदुष्ट आहे. क्राउसचे सूत्र जर्मन महामार्गांवरच्या प्रवाहाशी जुळते, रेडिओचे सूत्र मोजमापांशी जुळते; परंतु संदेश मिळाल्यावर चालक काय करतो, हे जोडणीच्या सांध्यावरचे वर्तन दोघांपैकी कोणाच्याही पडताळणीत आलेले नसते. व्हेन्सच्या उदाहरणात चालक संदेश मिळताक्षणी आज्ञाधारकपणे वळतो. भ्रमणध्वनीवर आलेला संदेश वाचून, तो खोटा असावा अशी शंका घेऊन, समोरून आलेल्या चालकास काच खाली करून विचारणारा आणि मग ठरविणारा माणूस त्या सांध्यात नाही. शिवाय द्विदिश जोडणीत चूक एका बाजूला राहत नाही. वाहनांची दाटी चुकली तर संदेशांची टक्कर चुकते, संदेश चुकले तर वळणारी वाहने चुकतात आणि पुन्हा दाटी चुकते. प्रत्येक फेरीत चूक आपल्याच पायावर उभी राहते. पडद्यावरचे चित्र मात्र तितकेच सुबक दिसत राहते.

मोठ्या नगरांत ही पडताळणी निदान कल्पनेत तरी शक्य आहे. तेथे कॅमेरे आहेत, नियंत्रण कक्ष आहेत, आकडे साठतात. जून २०१५ ते मार्च २०२५ या काळात चाललेल्या स्मार्ट सिटी अभियानात महाराष्ट्रातील आठ शहरे होती आणि मराठवाड्यातून त्यांत एकटे तेव्हाचे औरंगाबाद होते. तेथील शहर बससेवाही याच अभियानातून उभी राहिली. बीड जिल्ह्याच्या वाट्याला यातले काही आले नाही आणि आकडे जेथे साठत नाहीत तेथे प्रतिमान घडत नाही, प्रतिमान नाही म्हणून प्रस्तावात त्या भागाचे नाव येत नाही. संशोधनाचे हे वर्तुळ वर वर्णिलेल्या एसटीच्या फेरीसारखेच चालते : भारमान नाही म्हणून फेरी नाही, फेरी नाही म्हणून भारमान नाही.

तरी आकडे मुळीच नाहीत असे म्हणता येत नाही. एसटी वाहकाच्या हातातील इलेक्ट्रॉनिक तिकीट यंत्रात कोणत्या थांब्यावर किती माणसे चढली आणि कोणत्या सवलतीने, याची नोंद प्रत्येक फेरीला होत असते. शालेय विद्यार्थिनींना अहिल्याबाई होळकर योजनेतून मिळणारे मोफत पास आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे सवलतीचे मासिक पास यांच्या याद्या आगारात असतात. ग्रामीण महाविद्यालयांत तर हा विदा वर्गात रोज समोर बसलेला असतो. कोणत्या गावाचे विद्यार्थी शेवटचा तास सोडून उठतात आणि ते कोणत्या गाडीच्या वेळेमुळे, हे हजेरीपटाशी वेळापत्रक ताडून पाहिले तर कळते. भूगोल, संख्याशास्त्र आणि संगणकशास्त्र या तीन विभागांनी मिळून लिंबागणेशसारख्या एका थांब्यावरचा एक आठवडा, एकदा पावसाळ्यात आणि एकदा ऊसतोडणीच्या तोंडावर, मोजून काढला तर जीप भरण्याच्या प्रतिमानास लागणारे सारे आकडे हाती येतात : किती मिनिटांनी माणूस आला, कोणते वाहन आधी निघाले, किती जण वाट पाहून घरी परतले. यांतील शेवटचा आकडा कोणत्याही तिकीट यंत्रात सापडत नाही. संकष्टी चतुर्थीला गणेशदर्शनासाठी येणाऱ्यांची गर्दी असते तेव्हा तो वेगळा येईल, अंगारकीला आणखी वेगळा.